ॲडजस्टमेंटची वही

बाहेरच्या माणसाला वाटतं, शाळा मुख्याध्यापक चालवतात. खरं म्हणजे शाळा एका लांबट, पुठ्ठ्याच्या वहीवर चालते. रोज सकाळी चार-दोन शिक्षक नसतातच. कुणी प्रशिक्षणाला गेलेलं, कुणी मतदारयाद्यांच्या कामाला, कुणाच्या साडूकडं बारसं. त्यांचे वर्ग मोकळे राहू नयेत म्हणून त्या वेळी ज्याला तास नाही त्याला तिकडं पाठवायचं. कुणाला कुठं पाठवलं ते लिहून ज्यात सही घ्यायची, ती ॲडजस्टमेंटची वही. भोकर तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी पर्यवेक्षिका झाले त्या दिवसापासून ती माझ्या टेबलावर होती. लोक मुख्याध्यापकांना घाबरत नसत एवढे त्या वहीला घाबरत.

मला ती वही आवडायची, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर लातूरचं. तिथल्या माझ्या शाळेत तास म्हणजे तास. घंटा झाली आणि दारात शिक्षक दिसले नाहीत असं मी दहा वर्षांत पाहिलं नाही. त्यात मी गणिताची. रिकामा रकाना मला बघवत नाही. आमच्याकडं एकही वर्ग कधी मोकळा नसतो, हे मी पाहुण्यारावळ्यांतसुद्धा सांगायची. एकदा तपासणीला आलेले साहेब वऱ्हांड्यातून चक्कर मारून आले आणि म्हणाले, मॅडम, शाळा भरलेली वाटते. मी महिनाभर त्या एका वाक्यावर जगले.

आमच्यातले जवळजवळ सगळे नांदेडहून अपडाऊन करणारे. सकाळी एका क्रुझरमध्ये दहा जण दाटीवाटीनं बसून यायचं, संध्याकाळी तसंच परत. थंडीत वाटेत कुणीतरी तुरीच्या शेंगा घ्यायचं आणि गाडीभर टरफलं व्हायची. अपडाऊन करणाऱ्यांचा एक समज असतो, आणि तो इतका मुरलेला असतो की समज आहे हेच कळत नाही. जो गावात राहतो त्याला वेळच वेळ. आम्हाला गाडी गाठायची असते, आमचा स्वयंपाक पडलेला असतो, आमची पोरं खिडकीत उभी असतात. गावातल्या माणसाला काय, घर दोन पावलांवर, कधीही जाईल. पहिल्या तासाला आमची गाडी यायला उशीर झाला तर गावातल्यानं वर्ग सांभाळायचा. शेवटच्या तासाला आम्हाला लवकर निघायचं असलं तरी गावातल्यानंच.

आणि गावात राहणारे शिक्षक आमच्याकडं एकच होते. हिंदीचे सर. पन्नाशीला टेकलेले, अंगानं बारीक, शर्टाच्या खिशात कायम खडूचे दोन तुकडे. स्टाफरूममध्ये त्यांच्यावर विनोद व्हायचे. 'सर शाळेतच झोपतात, फक्त आंघोळीला घरी जातात,' हा विनोद माझाच. ते हसायचे. राग आला असेल तर तो आम्हाला कधी दिसला नाही, आणि जे दिसत नाही ते नसतंच, असं मानायला आम्हाला सोयीचं होतं.

त्या एप्रिलमध्ये त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. नांदेडला दवाखान्यात महिनाभर काढून ते तिला घरी घेऊन आले. एकुलती एक मुलगी लातूरला क्लाससाठी होस्टेलवर. तिला परत बोलवायचं नाही असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, एक विनंती व्हती. व्यायाम करून घेणारे डॉक्टर नांदेडहून येतेत इथं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दीडला परत जातेत. मला त्या दिवशी तिसरा-चौथा मोकळा भेटला तर मी तिला रिक्षात घालून नेऊन आणीन. दुसरं कुणी न्हाई धरायला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पाय येईल म्हणतेत. हाताचं आत्ताच करावं लागतंय म्हणले. पहिल्या सा म्हैन्यात जे आलं ते आलं."

मी दोन दिवस खपून वेळापत्रक पुन्हा मांडलं. सोपं नव्हतं. एकाचा तास हलवला की चौघांचे हलतात. कुरकुर झाली, सरांचे फार लाड चाललेत म्हणून एक-दोन तोंडं वाकडी झाली, पण मी ऐकलं नाही. तिसरा आणि चौथा, आठवड्यातून तीन दिवस, त्यांच्या नावापुढं स्वच्छ मोकळी जागा. ते वेळापत्रक भिंतीवर लागलं तेव्हा सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. मला भरून आलं. आपण चांगलं माणूस आहोत असं वाटण्याचे दिवस आयुष्यात फार नसतात. तो एक होता.

पहिले दोन-तीन आठवडे सर वेळेवर गेले, वेळेवर आले.

मग जुलैमध्ये एका बुधवारी एकदम चार जण नव्हते. तिसऱ्या तासाला आठवी ब मोकळी पडत होती. मोकळ्या शिक्षकांची नावं मी पाहिली. खेळाचे सर संघ घेऊन मैदानावर. एक जण संस्थेतल्या मोठ्या माणसाच्या नात्यातले, त्यांना तास लावला की संध्याकाळी फोन येतो. एका मॅडमला लावला तर त्या वही घेऊन थेट माझ्यासमोर येतात आणि मागच्या महिन्याचा हिशोब काढतात. राहिले हिंदीचे सर. मी त्यांचं नाव लिहिलं आणि बाजूला पेन्सिलनं लिहिलं, 'सर, फक्त आजचा दिवस.' वही मावशींच्या हाती दिली. मावशी म्हणजे आमच्या शिपाई. जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरांनी सही दिली मॅडम. कुणालातरी फोन लावून राहिले व्हते."

कुणाला, ते मी विचारलं नाही. रिक्षावाल्याला नाहीतर घरी असणार, आज जमत नाही म्हणून. हे मला आज कळतं.

शुक्रवारी पुन्हा अडचण आली. तेव्हाही फक्त आजचा दिवस. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, असं माझी आई सांगायची, आणि मी ते वर्गातल्या मुलींना सांगत आले. पण खणणाऱ्याला आपण खणतोय हे कळत नाही, हीच तर त्यातली गोम आहे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. प्रत्येक वेळी एकच तास होता. मी कधीही असं ठरवलं नाही की या माणसाचे तास काढून घ्यायचे. ठरवलं असतं तर मला लाज वाटली असती आणि मी थांबले असते. हळूहळू 'फक्त आजचा दिवस' लिहिणंही सुटलं. नुसतं नाव जायचं, सही यायची. वही मावशींच्या हाती पाठवण्याची एक सोय अशी की समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही.

कधीतरी जिन्यात भेट झाली की मी विचारायची, "वहिनी कशा आहेत?"

"हाव मॅडम, चालू हाय."

मी पुढं निघायची. चालू हाय म्हणजे व्यायाम चालू आहे, असा मी अर्थ घेतला. तेवढ्यावर माझं समाधान व्हायचं, कारण मला तेवढंच ऐकायचं होतं.

ऑक्टोबरात लातूरला पर्यवेक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय मोठा छान होता, आपल्या रोजच्या वागण्याचा सहकाऱ्यांवर होणारा परिणाम. पडद्यावर रंगीत चौकोन येत होते. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना एकेक कागद दिला आणि म्हणाल्या, तुमच्यामुळं ज्याचा दिवस सोपा झाला अशा एका सहकाऱ्याचं नाव लिहा. बाकीचे पेन चावत बसले. मी पटकन लिहिलं. हिंदीच्या सरांचं. मग उठून चार शब्दही बोलले, त्यांच्या घरचा प्रसंग, मी वेळापत्रक कसं बदललं. टाळ्या वाजल्या. संध्याकाळी माहेरी गेले तर भावालासुद्धा सांगितलं.

त्या दोन दिवसांत माझे तास कुणाकडं लावले होते, हे वेगळं सांगायला नको.

जानेवारीत एका शुक्रवारी दुपारी शाळा लवकर सुटली. आमची क्रुझर निघाली तशी स्टँडजवळ एकानं हात केला. गळ्यात बॅग, पांढरा शर्ट, तिशीतला माणूस. त्याची नेहमीची गाडी चुकली होती. सरकून जागा केली, तो माझ्या शेजारी बसला. बोलता बोलता कळलं, हेच ते नांदेडहून येणारे व्यायामाचे डॉक्टर. म्हणजे आमच्यासारखेच अपडाऊनवाले. आमच्या शाळेचं नाव ऐकल्यावर म्हणाले,

"तुमचे एक सर आहेत ना, त्यांच्या मिसेसला आणायचे माझ्याकडं. जूनमध्ये नियमित आले. मग बंदच झालं. महिन्यातून एखादी चक्कर. बाईंनी घरच्या घरी पाय ओढत चालायला सुरुवात केली, पण हात गेला तो गेलाच. बोटं आवळून बसलीत आता."

मी विचारलं, "आता काही नाही होणार?"

"आता अवघड आहे. तेव्हा नियमित आले असते तर काही आलं असतं, खात्रीनं नाही सांगता येत. काहींचं येतं, काहींचं येत नाही. पण या लोकांना गांभीर्यच नसतं हो. गावात राहतात, घर जवळ, वेळ भरपूर, तरी आणत नाहीत."

गाडीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, खरंय, आपण बघा कुठून कुठून येतो. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या गाडीत एक वाक्य बोलायचं होतं, त्यांनी आणलं नाही असं नाही, मी सोडलं नाही. ते मी बोलले नाही, आणि मुदखेड मागं गेलं तशी ती वेळही गेली.

शनिवारी सकाळी पोचल्याबरोबर मी ती वही काढली. जुलैपासून पानं उलटत गेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिसरा तास, सरांची सही. चौथा तास, सरांची सही. सुरुवातीच्या सह्या पूर्ण नावाच्या, वळणदार. दिवाळीनंतर नुसती पहिली अक्षरं आणि एक रेघ. मोजायला सुरुवात केली आणि सप्टेंबरच्या मध्यावर सोडून दिलं. गणिताची बाई मी, बेरीज करायची हिंमत झाली नाही.

आणखी एक गोष्ट त्या पानांत होती, ती तर मला मोजावीही लागली नाही. चौथ्या तासाला मीसुद्धा मोकळी असायची. रोज, जूनपासून. त्या वेळात मावशी मला चहा आणून द्यायच्या आणि मी वही नीट लिहून काढायची. माझं नाव मी त्या रकान्यात एकदाही लिहिलं नव्हतं. सुचलंच नाही, असं म्हणेन तर ते खरं आहे. म्हणूनच जास्त वाईट आहे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी क्रुझर जाऊ दिली आणि सरांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शाळेपासून चालत पाच मिनिटंसुद्धा नाही. सर औषध आणायला गेले होते. वहिनी एकट्याच. मला बघून त्या खुर्चीचा आधार घेत उठल्या, पाय ओढत आत गेल्या, आणि नको नको म्हणताना डाव्या हातानं चहा टाकला. एक कप आणून ठेवला, मग परत जाऊन दुसरा. दोन एकदम आणता येत नव्हते. उजवा हात पोटाशी घेतलेला, मूठ घट्ट मिटलेली.

मी ठरवून गेले होते. सरळ सांगायचं, वहिनी, तुमचे सहा महिने मी घालवले, माफ करा. वाक्य तोंडात आलं होतं.

त्याच आधी बोलल्या. शब्द थोडे जड निघत होते, पण कळत होतं.

"मॅडम, तुमचं नाव ह्यांच्या तोंडी रोज ऱ्हातंय. मॅडमचा माझ्यावर लई विश्वास हाय म्हणतेत. कुठला बी वर्ग मोकळा पडला की मलाच बोलवतेत, दुसऱ्याचं काम न्हाई म्हणतेत ते."

मी कप खाली ठेवला.

"एकदा बुधवारी रिक्षा दारात उभी व्हती. ह्यांचा फोन आला, की आज मॅडमला सांगूनच टाकतो जमत न्हाई म्हणून. मीच म्हणलं, न्हाई म्हणू नका. एवढी मोठी शाळा, अन् एवढ्या माणसांतून तुमचंच नाव घेतेत. पंचवीस वर्सं कुणी विचारलं न्हाई ह्यांना. आता कुठं मान भेटून राहिला." त्या हसल्या. तोंडाची एकच बाजू हसली. "माझं काय, हाताचं काम डाव्यानं बी होतंय."

खरं सांगितलं असतं तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण त्या बाईनं आपला हात कशासाठी दिला होता? नवऱ्याच्या मानासाठी. मी तिला सांगायचं की तो मान नव्हता, तुमचा नवरा फक्त भांडत नव्हता म्हणून त्याचं नाव लिहीत होते? हात तर मी घेतलाच होता. आता त्याच्या बदल्यात तिला जे मिळालं असं तिला वाटत होतं, तेही काढून घ्यायचं? सर तिला का तसं सांगत आले असतील तेही मला तिथंच कळलं. नाही म्हणता येत नाही, हे बायकोला सांगण्यापेक्षा विश्वास आहे हे सांगणं सोपं असतं. कदाचित सांगता सांगता त्यांनाही ते खरं वाटायला लागलं असेल. मी चहा संपवला. चांगला झालाय म्हणाले. माफी मागणं हेसुद्धा एक सुख असतं आणि ते मला मिळण्यासारखं नव्हतं.

निघताना फाटकाशी सर भेटले, हातात औषधाची पिशवी. मला बघून गडबडले. "मॅडम, तुम्ही इथं? निरोप धाडला असता तर मी आलो असतो की शाळेत."

"सहज आले होते," मी म्हणाले. "सर, उद्या, म्हणजे सोमवारपासून, तुमच्या तिसऱ्या-चौथ्याला मी हात लावणार नाही. काहीही झालं तरी."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता राहू द्या मॅडम. आता तसं काय काम ऱ्हायलं न्हाई त्या टायमाला."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी शोधला. नव्हता.

सोमवारी तीन जण गैरहजर होते. मी वही उघडली. तिसऱ्या तासाला माझा स्वतःचा वर्ग होता, त्यामुळं मी जाऊ शकत नव्हते. बाकीची सोय मी भांडून लावली, फोन येईल त्यांनाही तास दिला, हिशोब काढतात त्यांनाही दिला. तरी आठवी ब राहिली. तो रकाना मी मोकळा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा. बसू दे वर्ग मोकळा, होऊ दे आरडाओरडा, येऊ दे कुणी विचारायला. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तिसऱ्याची घंटा झाली. मी वरच्या मजल्यावर नववीला समीकरण घालून दिलं आणि कान खाली लावून उभी राहिले. आठवी ब चा कल्ला सुरू झाला. बाकं वाजली, कुणीतरी शिट्टी मारली. मग अचानक सगळं शांत झालं.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. आठवी ब च्या दारात हिंदीचे सर उभे होते. खिशातून खडू काढत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मावशी वही घेऊन गेल्या नव्हत्या. आवाज आला आणि ते आपले उठून गेले.

तास संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. बाह्यांवर खडूची पूड होती.

"मॅडम, वही बघू बरं. सही ऱ्हायली माझी."

मी म्हणाले, "सर, तुमचं नाव मी लिहिलेलंच नाही."

"मंग लिवा की," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघत थांबले. माझ्याकडून काहीतरी चुकलंय आणि ते दुरुस्त होईपर्यंत थांबायला त्यांना वेळ आहे, असं.

मी पेन घेतलं. आठवी ब, तिसरा तास, त्यापुढं त्यांचं नाव लिहिलं आणि वही त्यांच्याकडं वळवली. त्यांनी सही केली.